मायेचे दर्शन मागणारा ऋषी

पोंभुर्ण्यास देवदर्शनासाठी आलेले अनेक भाविक पुढे वैनगंगा ओलांडून श्रीक्षेत्र मार्कंडा येथे जातात. पूर्वी नदीचे दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि मार्कंडा तिकडे गेले. यात्रेकरूंची वाट मात्र बदलली नाही. एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा मार्कंड्यापाशी वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते. अशा उत्तरवाहिनीचे स्नान पुण्यप्रद मानले जाते आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी जत्रा भरते. काठावरचा कोरीव पाषाणाचा मंदिरसमूह पाहून माणूस क्षणभर बोलायचे विसरतो. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी आपल्या अहवालात या मंदिरांची नोंद केली, तेव्हापासून अभ्यासकही तेथे येऊ लागले. भाविकांना तेथे ओढून नेतात ते मात्र मार्कंडेय ऋषी.

या ऋषींची एक कथा घरोघरी ठाऊक आहे. दुसरी श्रीमद्भागवताच्या बाराव्या स्कंधात येते आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, महाप्रसादाच्या घाईत, ती बहुधा भराभर उरकली जाते. हे बरे नव्हे. माणसाने किती जाणावे आणि जाणून त्याचे काय करावे, या प्रश्नाचा विचार ज्याला करावयाचा आहे त्याने या दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून ऐकाव्यात.

पहिली कथा अशी. मृकंडु ऋषी व त्यांची पत्नी मरुद्वती यांना अपत्य नव्हते. तपश्चर्येने शंकर प्रसन्न झाले, परंतु वर देताना त्यांनी एक पेच टाकला. दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा, की गुणवान, ज्ञानी, पण केवळ सोळा वर्षांचे आयुष्य असलेला? ऋषींनी दुसरा मागितला. कीर्तनकार येथे मृकंडूंच्या निवडीची वाहवा करतात आणि पुढे जातात. परंतु या वराबरोबर आणखी एक गोष्ट त्या दांपत्याच्या पदरात पडली होती, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांना पुत्राच्या मृत्यूचे वर्ष कळले होते. कोणत्याही आईबापास जे कळत नाही, ते त्यांना पाळणा हलण्याआधीच कळले. बाळाचे पहिले पाऊल, पहिला शब्द, मुंज, वेदाध्ययन. प्रत्येक आनंदाच्या दिवशी त्या घरात एक वजाबाकी चालू असली पाहिजे. मूल वाढते तसे त्याचे आयुष्य घटते, हे तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत खरे आहे. पण ते आकड्यात ठाऊक असणे निराळे.

सोळावे वर्ष लागले तेव्हा पित्याला शोक आवरेना. मुलाने कारण विचारले आणि पित्याने सांगितले. तीच वार्ता इतकी वर्षे आईबापाजवळ होती तेव्हा तिने केवळ डोळ्यांतून पाणी काढले. मुलाच्या कानी पडताच तिची पूजा झाली. मार्कंडेयाने 'कोणत्या तिथीस, कोणत्या घटकेस, कोणत्या रीतीने' असे पुढचे काही विचारले नाही. तो शिवलिंगापाशी जाऊन बसला. यम आला, त्याने पाश टाकला, तो मुलासह लिंगाभोवती पडला. तेव्हा शिव प्रकट झाले व त्यांनी काळाला मागे सारले. ही घटना वैनगंगेच्या याच काठी घडली अशी या भागाची श्रद्धा आहे. तमिळनाडूतील तिरुक्कडैयूर येथील भक्त ती आपल्या गावी घडली असे मानतात. त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. मृत्यू सर्वच गावांना येतो.

आता दुसरी कथा.

मृत्यूवर विजय मिळवलेले मार्कंडेय हिमालयाच्या उत्तरेस पुष्पभद्रा नदीच्या काठी आश्रम करून राहिले. सकाळ-संध्याकाळ अग्नीची व सूर्याची उपासना, भिक्षा, मौन, हरिचिंतन, असा त्यांचा क्रम. एक दोन वर्षे नव्हे, सहा मन्वंतरे हा क्रम चालला. सातव्यात इंद्राला भय वाटले. त्याने मदन, वसंत, मलयानिल आणि पुंजिकस्थली नावाची अप्सरा यांना तपोभंगासाठी पाठवले. त्यांचे काही चालले नाही. ऋषींना रागही आला नाही. मग स्वतः नर आणि नारायण आश्रमात आले. भगवंत म्हणाले, वर माग.

मार्कंडेयांचे पहिले उत्तर निर्दोष आहे. आपले दर्शन झाले, याहून अधिक काय मागावे, असे ते म्हणाले. येथेच थांबले असते तर भागवतातील पुढचे अध्याय लिहावे लागले नसते. परंतु ऋषी पुढे म्हणाले की, तरीही एक इच्छा आहे. ज्या मायेमुळे हे सारे जग भेदाने भरलेले दिसते ती माया मला पाहावयाची आहे.

विचार केला असता या मागणीत वाईट असे काय आहे? धन नाही, स्त्री नाही, राज्य नाही, इंद्रपदही नाही. केवळ जाणण्याची इच्छा. जगातील सर्वांत निर्मळ म्हणून ज्या इच्छेची गणना होते, ती. भगवंतांनी नकार दिला नाही. ते हसले, 'तथास्तु' म्हणाले आणि बदरिकाश्रमाकडे निघून गेले. ते हसणे भागवतकारांनी मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. लहान मूल चुलीतला निखारा हातात मागते तेव्हा घरातील आजीच्या चेहऱ्यावर येते, तसे काहीसे ते असावे. फरक एवढाच की आजी निखारा देत नाही.

ऋषी पुन्हा आपल्या उपासनेस लागले. परंतु मन आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. ती माया कधी दिसेल, हा एक विचार त्यात येऊन बसला होता. एके दिवशी सायंकाळी नदीकाठी ते संध्येस बसले असता प्रचंड वारा सुटला. मेघ गर्जू लागले, गाडीच्या आसासारख्या जाड धारा कोसळू लागल्या, चारही दिशांनी समुद्र पृथ्वी गिळीत आले. डोंगर, द्वीपे, अरण्ये, आकाशातील तारे, सर्व बुडाले. उरले एकटे मार्कंडेय. जटा मोकळ्या सुटलेल्या, आंधळ्यासारखे, मुक्यासारखे ते त्या पाण्यात वाहू लागले. भूक लागे, तहान लागे. सभोवती पाणीच पाणी, पण तहान भागेना. मगर आणि तिमिंगिल अंगावर येत. कधी भोवऱ्यात सापडत, कधी लाटांचा मार खात. कधी शोक, कधी मोह, कधी भय, कधी क्षणभर सुख, कधी रोग, कधी मरणप्राय वेदना. दिशा नाही, काठ नाही. अशी लक्षावधी वर्षे गेली, असे भागवत सांगते. ज्याने मृत्यूला जिंकले होते त्याला या पाण्यातून सुटण्यासाठी मरणही उपलब्ध नव्हते.

मग एकदा पाण्यातून वर आलेल्या जमिनीच्या एका उंचवट्यावर त्यांना कोवळा वड दिसला. त्याच्या ईशान्येकडील फांदीवर, पानाच्या द्रोणात, एक बालक निजलेले. अंगकांतीने अंधार दूर सारणारे, आपल्या पायाचा अंगठा दोन्ही हातांनी धरून तोंडात घालून चोखणारे. ते रूप पाहताच ऋषींचा सारा शीण गेला. आणि तरीही, 'तू कोण' हे विचारण्यासाठी ते पुढे सरसावले. तोच बालकाने श्वास आत घेतला आणि एखादे चिलट ओढले जावे तसे मार्कंडेय त्याच्या पोटात ओढले गेले. तेथे त्यांनी काय पाहिले? बुडालेले सर्व जग जसेच्या तसे. आकाश, नक्षत्रे, समुद्र, पर्वत, अरण्ये, गावे, गोठे, शेते, चारही वर्णांचे लोक, काळाची सर्व चक्रे. हिमालय दिसला, पुष्पभद्रा दिसली, आपला आश्रमही दिसला. त्यांनी जे मागितले होते ते सर्व, तिळाइतकेही न वगळता, त्यांना दाखवले गेले. बालकाने श्वास सोडला आणि ऋषी पुन्हा पाण्यात फेकले गेले. बालक हसून त्यांच्याकडे तिरप्या नजरेने पाहत होते. या वेळी मात्र मार्कंडेयांनी काही विचारावयाचे मनात आणले नाही. ते कवटाळण्यासाठी धावले. त्याच क्षणी बालक नाहीसे झाले. वड नाहीसा झाला, पाणी नाहीसे झाले, आणि ऋषी आपल्या आश्रमात, संध्येच्या त्याच आसनावर, पूर्वीसारखे बसलेले होते.

या कथेवर पंडितांनी पुष्कळ तत्त्वचर्चा केली आहे. सामान्य भाविकाने एवढेच पाहावे की ऋषींना ज्ञान नाकारले गेले नाही, तर मागितले तेवढे सर्व दिले गेले आणि त्या देण्यातच त्यांची दशा झाली. जगाचे सर्व रहस्य एका माणसाच्या डोळ्यांपुढे उघडले तर त्याला त्यात उभे राहावयास हातभर जमीन मिळत नाही.

यावरून आपला धर्म ज्ञानाच्या विरुद्ध आहे असा अर्थ कोणी काढील तर तो सर्वस्वी चुकीचा होईल. ज्ञानेश्वर माउलींनी गीतेचे गुह्य मराठीत आणले ते लोकांनी अज्ञानात राहावे म्हणून नव्हे. विदर्भातील दोन महापुरुषांचे उदाहरण तर डोळ्यांपुढचे आहे. संत गाडगेबाबा निरक्षर होते, पण मुलांना शाळेत घाला हे सांगण्यासाठी त्यांनी गावोगाव कंठ सुकवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. याच जिल्ह्यातील चिमूरच्या परिसराशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. त्यांनी ग्रामगीता लिहिली ती खेड्यातील माणूस शहाणा व्हावा म्हणून. अज्ञानाचे गोडवे गाणारा साधू महाराष्ट्राने कधी डोक्यावर घेतला नाही.

उपनिषदांतही हीच काळजी दिसते. बृहदारण्यकात राजा जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना विचारत जाते, हे कशात ओवलेले, ते कशात ओवलेले, आणि त्याच्याही पलीकडचे कशात. एका टप्प्यावर याज्ञवल्क्य तिला थांबवतात. याच्या पुढे विचारू नकोस, मस्तक गळून पडेल, असे बजावतात. काही लोक एवढाच प्रसंग सांगून स्त्रीने प्रश्न विचारू नये असा उपदेश करतात. त्यांनी पुढचे पान उलटले नसावे. गार्गी थांबली, तिने विचार केला, आणि त्याच सभेत पुन्हा उठून नेमके दोन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे याज्ञवल्क्यांनी आदराने दिली. मस्तक गळून पडले ते विदग्ध शाकल्य नावाच्या पुरुषाचे, जो हरवण्यासाठी विचारत होता. त्याच्या अस्थीसुद्धा चोरांनी भलतेच काही समजून पळवल्या, असे उपनिषद सांगते. प्रश्न तोच असला तरी विचारणाऱ्याच्या पोटात काय आहे, यावर सर्व अवलंबून आहे. छांदोग्यातील नारद तर आपल्या विद्यांची लांबलचक यादी सनत्कुमारांना ऐकवतात. वेद, इतिहास, पुराण, व्याकरण, गणित, नक्षत्रविद्या, सर्पविद्या, काही म्हणून राहिलेले नाही. आणि यादी संपल्यावर म्हणतात की मी दुःखी आहे, मला पैलतीरी न्या.

मराठी परंपरेत असेच नाव वामन पंडितांचे. सतराव्या शतकातील हे थोर विद्वान. गीतेवरील त्यांची यथार्थदीपिका ही टीका प्रसिद्ध आहे. त्यांच्याविषयी सांगतात की तरुणपणी काशीहून शास्त्रे शिकून आल्यावर ते गावोगावच्या पंडितांना वादाचे आव्हान देत आणि हरलेल्यांकडून जयपत्रे लिहून घेत. एकदा वाटेत संध्याकाळ झाली म्हणून ते एका झाडाखाली उतरले. झाडावर एक ब्रह्मराक्षस राहत होता. विद्येच्या गर्वाने मेलेला ब्राह्मण ब्रह्मराक्षस होतो, असा समज आहे. तेथे दुसरा ब्रह्मराक्षस आला आणि शेजारच्या रिकाम्या फांदीवर बसू लागला. पहिला म्हणाला, तेथे बसू नकोस, ती जागा वामन पंडितासाठी राखून ठेवली आहे. वामन पंडितांनी ते ऐकले आणि वादाचा नाद सोडला. आख्यायिका खरी असो वा नसो, ती लोकांनी इतकी वर्षे जपून ठेवली आहे. विद्वानाला राक्षस होण्यासाठी चोरी, व्यभिचार काही करावे लागत नाही, आपल्याला सर्व ठाऊक आहे एवढे वाटले की पुरते, ही जाण साध्या शेतकऱ्यालाही होती.

हे झाले ऋषींचे आणि पंडितांचे. आपल्यासारख्या प्रपंची माणसाला ही कथा कोठे लागू पडते?

देवळात येणाऱ्या कित्येकांच्या हातात नारळाबरोबर पत्रिकाही असते. मुलाचे आयुष्य किती, घरातील आजारी माणूस किती दिवसांचा सोबती, सून घराला लाभेल की नाही, हे त्यांना देवाकडून नव्हे तर देवळाच्या ओसरीवर बसलेल्या कोणाकडून तरी जाणून घ्यायचे असते. जुने जाणते जोशी मुलाचे आयुष्य सांगण्याचे टाळीत. त्यांना गणित येत नव्हते म्हणून नव्हे. मृकंडूच्या घरातील सोळा वर्षे दुसऱ्या कोणाच्या घरात नेऊन ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना कळत होते.

आता तर विचारायला कोणाकडे जावेही लागत नाही. मुलाला ताप आला की आई रात्रभर मोबाइलवर त्या तापाची सारी कारणे वाचत बसते. एका रोगातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. पहाटेपर्यंत जगातील निम्मे रोग त्या मुलाला होऊन गेलेले असतात, आणि कपाळावरची ओली पट्टी मध्यरात्रीच वाळून गेलेली असते. पुष्पभद्रेच्या काठी आले तेच हे पाणी आहे.

आणि एक प्रश्न असा आहे की जो विचारणे हेच पाप आहे. तो देवळात विचारला जात नाही. पण तो विचारून आलेली माणसे देवळात येतात, अभिषेक करतात, देणगीची पावतीही घेतात. गर्भात मुलगा आहे की मुलगी? गर्भजलाची परीक्षा आणि सोनोग्राफी या विद्या बाळ-बाळंतिणीच्या रक्षणासाठी निघाल्या. सोनोग्राफीचे यंत्र बाळाच्या हृदयाचे ठोके दाखवते, जुळे आहे का ते सांगते, बाळ आडवे असल्यास आधी सावध करते. त्या यंत्राला हा एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे शस्त्र झाले. महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये या परीक्षांवर निर्बंध घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. तरीही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८९४ झाली. २००१ मध्ये सांगली जिल्ह्यात ८५१, आणि ज्या कोल्हापुरास आपण सर्व महालक्ष्मीच्या दर्शनास जातो त्या जिल्ह्यात ८३९. पुढील दहा वर्षांत त्या दोन्ही जिल्ह्यांत काही सुधारणा झाली, राज्याची सरासरी मात्र खालावली. सधन, सुशिक्षित, सर्व सोयींनी युक्त असे हे जिल्हे. जंगलातील आणि मागास म्हणवले गेलेले गडचिरोली व चंद्रपूर मात्र या बाबतीत राज्याच्या सरासरीच्या बरेच पुढे राहिले. येथील गोरगरिबांना तो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती असे कोणी म्हणेल. पण येथील आदिवासी समाजात मुलीच्या जन्माचे दुःख करण्याची रीत नव्हती, हेही तितकेच खरे. जाणून काय करणार, या प्रश्नाचे उत्तर 'मारणार' असे असेल तर ते ज्ञान देवाच्या दारी कोणत्याही अभिषेकाने धुतले जात नाही. हे लिहिणे काहींना कठोर वाटेल. वाटू द्यावे.

याच्या उलट जे जाणून घेण्यास माणसे टाळाटाळ करतात असेही ज्ञान आहे. या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. वधू आणि वर दोघेही या आजाराचे वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो आजार होण्याची शक्यता चारात एक इतकी असते. साध्या रक्ततपासणीने हे आधी कळते. पण छत्तीस गुण जुळवण्यासाठी चार गावे हिंडणारे वडीलधारे या एका तपासणीचे नाव काढले की कमीपणा मानतात. तपासणी टाळणे म्हणजे श्रद्धा नव्हे. मार्कंडेयाच्या पित्याने मुलापासून गोष्ट लपवली असती तर मुलगा शिवलिंगापाशी गेलाच नसता.

गडचिरोलीतील एक गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात त्या जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले हे दांपत्य. न्यूमोनियाने लहान मुले दगावतात. तो ओळखावयाचा तर मुलाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असले तर धोका समजावा. परंतु गावातील दाई बाळाच्या उशाशी बसलेली असली तरी तिला इतके आकडे मोजता येत नसत. तेव्हा त्यांनी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार केले. इतके मणी सरकले की बाळ आजारी आहे, एवढेच तिने जाणावयाचे. पुढे गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले गेले. अशा गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या दाईस फुप्फुसाची रचना सांगता आली नसती. जपमाळेतील मण्यांसारखे मणी तिने बाळाच्या श्वासाबरोबर सरकवले, आणि पुढे काय करावयाचे ते तिला पक्के ठाऊक होते. ज्यांनी ते साधन केले त्यांच्याजवळ विद्येचा साठा थोडा नव्हता. पण त्यांनी तो त्या दाईच्या हाताला पेलेल इतका करून दिला. मार्कंड्याच्या नदीपासून ही गावे फार लांब नाहीत.

आता भागवताकडे परत वळू, कारण कथा अद्याप संपलेली नाही.

मायेचा तो खेळ पाहून झाल्यावर मार्कंडेय पुन्हा ध्यानस्थ बसले होते. त्या वेळी नंदीवर आरूढ होऊन शंकर-पार्वती आकाशमार्गाने चालले होते. पार्वतीने त्या निश्चल ऋषीस पाहिले आणि याला तपाचे फळ द्यावे असे सुचवले. शंकर म्हणाले, हा आता कोणताही वर इच्छीत नाही, मोक्षही नाही. तरी साधूशी दोन शब्द बोलणे हाच मोठा लाभ, म्हणून जाऊ. ते जवळ गेले तरी ऋषींना भान नव्हते. तेव्हा शंकर त्यांच्या हृदयात प्रकट झाले. ऋषी दचकून उठले, त्यांनी उभयतांची पूजा केली. लहानपणी यमपाशातून सोडवणारा तोच देव पुन्हा दारी आला होता. तो म्हणाला, वर माग.

मार्कंडेयांनी या वेळी विचारपूर्वक मागितले. भगवंताच्या ठायी, त्याच्या भक्तांच्या ठायी आणि आपल्या ठायी माझी भक्ती अढळ राहो, एवढेच. जाणण्याचे एक अक्षर त्यात नव्हते.

शंकरांनी ते तर दिलेच. त्यावर, न मागता, कल्पान्तापर्यंत कीर्ती दिली, जरा-मरणापासून मुक्ती दिली, वैराग्यासह विज्ञान दिले, पुराणांचे आचार्यपद दिले, आणि त्रिकालज्ञान दिले. भूत, भविष्य, वर्तमान, सर्व. ज्या ऋषीस मायेचे एक दर्शन लक्षावधी वर्षे बुडवून गेले, त्यालाच पुढे तिन्ही काळांचे ज्ञान मिळाले आणि ते त्याला जड झाले नाही. मधल्या काळात ऋषींची बुद्धी वाढली नव्हती. त्या बालकाला प्रश्न न विचारता कवटाळावयास धावण्याइतके त्यांचे मन मऊ झाले होते.

हे त्रिकालज्ञान त्यांनी कसे वापरले, याचे एक छोटे चित्र मार्कंडेय पुराणाच्या आरंभीच आहे. नवरात्रात घरोघरी ज्या सप्तशतीचा पाठ होतो ती याच पुराणातील. व्यासांचे शिष्य जैमिनी मार्कंडेयांकडे आले. महाभारत वाचून त्यांना चार शंका पडल्या होत्या. निर्गुण वासुदेवाने मनुष्यदेह का धारण केला, द्रौपदी पाचांची पत्नी कशी झाली, बलरामाने ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त तीर्थयात्रेने का केले, आणि द्रौपदीचे पाच पुत्र अविवाहित असताच का मारले गेले. शंका थोर होत्या, विचारणारा थोर होता, आणि ज्याला विचारले त्याला तिन्ही काळ दिसत होते. मार्कंडेय म्हणाले, आमची नित्यकर्माची वेळ झाली आहे, विस्ताराने सांगावयास आता सवड नाही. विंध्य पर्वतात चार पक्षी राहतात. कुरुक्षेत्राच्या रणात हत्तीची घंटा अंड्यांवर पडून ती झाकली गेली म्हणून ते वाचले. त्यांना शास्त्रे ठाऊक आहेत, त्यांना जाऊन विचार.

जैमिनी विंध्याच्या वाटेस लागले, आणि मार्कंडेय उठून आपल्या नित्यकर्मास गेले.